भेग ही वाट, कोठार नव्हे : अमेरिकेच्या शेलपासून दिघोरीच्या खडकापर्यंत

१/२२
अमेरिकेत शेल खडकातून नैसर्गिक वायू निघतो. भंडारा जिल्ह्यातील दिघोरी (मोठी) परिसरात बोअरला पाणी लागते, किंवा लागत नाही. या दोन घटनांमध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे, पण दोन्हींचा निर्णय एकाच गोष्टीवर होतो : खडकातील नैसर्गिक भेग. आजच्या धाग्यात या भेगेचा इतिहास पाहू. तेलविहिरीपासून सुरुवात करू आणि मालगुजारी तलावाच्या पाळीवर येऊन थांबू.

२/२२
आधी शेल म्हणजे काय, ते पाहू. प्राचीन समुद्राच्या वा सरोवराच्या तळाशी साचलेला अतिसूक्ष्म चिखल दाबाखाली घट्ट होऊन जो पापुद्र्यांचा खडक बनतो, तो शेल. चिखलासोबत गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्याचे उष्णतेने तेल व वायू होतात. पण शेलची छिद्रे इतकी बारीक असतात की आतला वायू सहजी हलू शकत नाही. खडकाच्या पोटात साठा असतो, बाहेर यायला मार्ग नसतो. तो मार्ग म्हणजे भेग.

३/२२
माणसाला हे पुस्तकातून कळले नाही, बुडबुड्यांतून कळले. न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया या गावी ओढ्याच्या पाण्यातून वायूचे बुडबुडे येत. १८२१ च्या सुमारास विल्यम हार्ट या गृहस्थाने तेथेच विहीर खणली. पहिली खोली जेमतेम २७ फूट. खाली होता डेव्होनियन काळातील शेल, आणि वायू येत होता त्याच्या नैसर्गिक भेगांमधून. त्या वायूवर गावात दिवे लागले. तेलासाठी प्रसिद्ध झालेली एडविन ड्रेकची विहीर १८५९ ची, म्हणजे शेलवायूची ही कथा तिच्याहून जुनी आहे.

४/२२
भेग नसेल तेथे काय करायचे? पहिले उत्तर स्फोटाचे होते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील अधिकारी एडवर्ड रॉबर्ट्स याने १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे विहिरीच्या तळाशी स्फोटक नळकांडे सोडून खडक फोडण्याचा प्रयोग केला. पुढे त्यासाठी नायट्रोग्लिसरीन वापरात आले. विहिरींचे उत्पादन वाढले, तसे अपघातही वाढले. खडकाला तडा देऊन त्याच्याकडून काही मिळवण्याच्या तंत्राची ही सुरुवात.

५/२२
दुसरे उत्तर दाबाचे. १९४७ मध्ये स्टॅनोलिंड कंपनीने कॅन्ससमधील ह्यूगोटन क्षेत्रात विहिरीत द्रव प्रचंड दाबाने सोडून खडक फोडण्याची चाचणी घेतली. तिचे फळ यथातथाच होते. तरीही मार्च १९४९ मध्ये हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा व टेक्सास येथे हे तंत्र व्यापारी स्वरूपात वापरले. द्रवासोबत वाळूचे कण भेगेत शिरतात आणि दाब काढल्यावर भेग पुन्हा मिटू देत नाहीत. आज ‘फ्रॅकिंग’ म्हणून जे नाव गाजते, त्याचा पाया हा.

६/२२
शेलच्या बाबतीत हे तंत्र यशस्वी व्हायला आणखी अर्धे शतक जावे लागले. टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने पहिली विहीर १९८१ मध्ये घेतली. महागडे घट्ट द्रव वापरून खर्च निघत नव्हता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अभियंत्यांनी बहुतांश साधे पाणी व थोडी वाळू असे मिश्रण वापरले आणि चित्र पालटले. पुढे आडव्या विहिरींची जोड मिळाली. एकाच विहिरीची नळी खडकाच्या थरातून शेकडो मीटर आडवी जाऊ लागली आणि वाटेत अनेक नैसर्गिक भेगांना छेदू लागली.

७/२२
येथे संशोधकांत एक रंजक वाद झाला. बार्नेटच्या नैसर्गिक भेगा पाहिल्या तर बहुतेक कॅल्साइटने भरून बंद झालेल्या. मग त्यांचा उपयोग काय? एक मत असे की बंद भेगेतून काहीच वाहत नाही, म्हणून ती निरुपयोगी. दुसरे मत असे की भरलेली भेग हीच खडकातील कच्ची जागा असते, दाब आला की खडक तेथेच आधी उकलतो. आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्या व भेगा आठवा. त्यांतही झिओलाइट, कॅल्साइट, स्फटिक भरलेले असतात. नाशिक-पुणे पट्ट्यातील सुंदर गारगोट्या म्हणजे अशाच बुजलेल्या पोकळ्यांचे धन.

८/२२
उलट मिशिगन राज्यातील अँट्रिम शेलमध्ये नैसर्गिक भेगा खुल्या होत्या. पण त्या पाण्याने भरलेल्या होत्या. विहीर घेतली की आधी पाणीच पाणी. ते बराच काळ उपसले, दाब उतरला, तेव्हा कोठे वायू खडकातून सुटून भेगेत येऊ लागला. म्हणजे भेग कोणाची बाजू घेत नाही. ती वायूला वाट देते तशी पाण्यालाही देते. बार्नेटमध्येही भेगा खालच्या पाणीधारक चुनखडीपर्यंत पोहोचल्या तर विहिरीत नको असलेले पाणी शिरे. म्हणून भेगेची दिशा ओळखणे हीच या धंद्यातील खरी विद्या.

९/२२
आता या धाग्याचे मुख्य सूत्र. शेलच्या विहिरीचे उत्पादन आरंभी जोरात असते आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच निम्म्याहून खाली येते. कारण भेगेत असलेला वायू लवकर संपतो. त्यानंतर खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून जे झिरपत भेगेपर्यंत येईल, तेवढेच मिळते. मग नवी विहीर, मग आणखी एक. भेग ही वाट आहे, कोठार नाही. वाट रुंद केली म्हणून कोठारातील धान्य वाढत नाही, ते फक्त लवकर बाहेर येते.

१०/२२
भारतात काय घडले? जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळच्या विहिरीत शेलमधून वायू मिळाला. २०१३ मध्ये केंद्राने शेलविषयक धोरणही जाहीर केले. महाराष्ट्रात मात्र शेलवायूचा उद्योग उभा राहिलेला नाही. आपले तेल मुंबई हायचे, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलखोदाई रिगने शोधलेले, आणि ते मुख्यतः चुनखडीतील. तेथेही चुनखडीखालच्या प्राचीन कठीण खडकाच्या भेगांत तेल सापडले आहे. तरी महाराष्ट्रात भेगेवर सर्वाधिक अवलंबून असलेली गोष्ट तेल नसून पाणी आहे.

११/२२
तर चला भंडाऱ्याला. साकोली या गावाचे नाव भूवैज्ञानिकांनी पूर्व विदर्भातील एका सबंध खडकसमूहाला दिले आहे : साकोली गट. त्यात फायलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट असे खडक येतात. यांतील फायलाइटचे मूळ ऐकण्यासारखे आहे. तो कधीकाळी चिखल होता, चिखलाचा शेल झाला आणि भूगर्भातील उष्णता व दाब यांनी शेलचे रूपांतर फायलाइटमध्ये झाले. म्हणजे पूर्व विदर्भाच्या जमिनीखाली एके काळी शेलच होता. एवढ्या प्राचीन आणि भाजून निघालेल्या खडकात तेल-वायू राहिलेला नाही, पण भेगा राहिल्या.

१२/२२
अशा खडकात पाणी कोठे असते? वर काही मीटर जाडीचा कुजलेला, मऊ झालेला थर असतो. पावसाचे पाणी मुरते ते मुख्यतः त्यात. त्याखाली सलग कठीण खडक असतो आणि त्यात पाणी केवळ भेगांतून व सांध्यांतून फिरते. म्हणून एका शेतात बोअरला भरपूर पाणी लागते आणि शंभर पावलांवर कोरडा धुरळा उडतो. लोक याला नशीब म्हणतात. वास्तविक ती भेगेची दिशा असते. महाराष्ट्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अशाच कठीण खडकाचा आहे. पश्चिमेकडे बेसाल्ट, पूर्व विदर्भात नाइस, शिस्ट आणि फायलाइट.

१३/२२
भंडाऱ्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खालचा खडक तो फारसा साठवत नाही. भात तर उभ्या पाण्याचे पीक. मग उपाय काय? पाणी खडकाच्या वरच साठवायचे. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल साफ करून तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचा हक्क दिला, असे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाज अग्रेसर होता. नवेगाव बांधचा विशाल तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. ब्रिटिश काळातील गॅझेटिअरांनीही कोहळ्यांच्या तलावबांधणीची आवर्जून नोंद घेतली.

१४/२२
या तलावांची रचना पाहा. दोन टेकड्यांमधील उतार हेरून मातीची पाळ घालायची, जादा पाणी जाण्यासाठी एका बाजूला सांडवा ठेवायचा. एका तलावाचे पाणी खालच्या तलावात, तेथून लहान बोडीत, तेथून बांधीत. पाणी अडते तेवढा काळ त्यातील काही भाग कुजलेल्या थरात मुरतो आणि तेथून हळूहळू खालच्या भेगांकडे जातो. तलावाखालच्या विहिरींना पाणी टिकते ते यामुळे. भूविज्ञान हा शब्द त्या बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हता. पण कोठार वर हवे, हे त्यांनी जाणले होते.

१५/२२
मग हे तंत्र मोडले कसे? १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले आणि तलाव त्यांच्या नावावर गेले. जुन्या मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. सरंजामी मालकी गेली, हे न्याय्यच झाले. परंतु पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची जी गावपातळीवरची रीत होती, तिची जागा कोणत्याही खात्याने पुरती घेतली नाही. निस्ताराचा हक्क सांगणारे गावकरी आणि पाणीपट्टी मागणारे शासन, यांच्या तिढ्यात तलाव गाळाने भरत गेले. आज त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगितली जाते.

१६/२२
त्याच सुमारास देशात एक नवे यंत्र आले. कठीण खडकात हाताने विहीर खणायला महिने लागत. संकुचित हवेवर चालणारा, छिन्नीलगत बसणारा हातोडा तेच काम काही तासांत करी. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे विमानाने आणली. पाठोपाठ १९७२ चा महाराष्ट्राचा दुष्काळ आला. त्याची सर्वाधिक झळ मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राला बसली, पण त्यातून निघालेला धडा राज्यभर गेला : विहीर आटली तर बोअर घ्या. कोठाराकडून वाटेकडे लक्ष वळले ते या वळणावर.

१७/२२
बोअर पाडला तरी पाणी वर काढायचे कसे? तेव्हाचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका घरापुरते बनलेले. सबंध गाव हापसू लागले की ते मोडत. महाराष्ट्रातच यावर उत्तर निघाले. जालना आणि सोलापूर येथे मिशनरी संस्थांशी निगडित कारखान्यांनी पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचे दणकट पंप घडवले. सोलापूर पंपाच्या रचनेवरून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप साकारला आणि पुढे तो जगभर गेला. आपल्या गावातील हापशीचे घराणे सोलापूरचे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

१८/२२
सत्तरच्या दशकाच्या आरंभी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. भेगा शोधणे हे तिच्या कामाचे मर्म. आणि येथे आपल्या धाग्याची दोन टोके जुळतात. तेलविहिरींसाठी जन्मलेले तंत्र या यंत्रणेने पाण्याच्या बोअरसाठी वापरले. मराठीत त्याला नाव मिळाले ‘जलभंजन’. बोअरचा एक भाग रबरी अडसराने बंद करून त्यात प्रचंड दाबाने पाणी सोडतात. बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात, शेजारच्या भेगांशी जोडल्या जातात आणि अपुरे पाणी देणारा बोअर पुन्हा उपयोगी पडू शकतो. शेलमध्ये लागणारी रसायने येथे लागत नाहीत, दाबही त्या मानाने कमी असतो. टायटसव्हिलच्या स्फोटाचेही भावंड आपल्याकडे आहे. बोअरमध्ये स्फोट करून भेगा जोडण्याचे ‘बोअर ब्लास्ट’ तंत्र याच यंत्रणेचे.

१९/२२
पण याच यंत्रणेकडे आणखी एक तंत्र आहे, आणि ते अगदी उलट्या दिशेचे. विहिरीच्या उताराकडील बाजूस बोअरांची रांग घेऊन भेगांमध्ये सिमेंट भरायचे. हेतू असा की विहिरीचे पाणी भेगांवाटे खाली निघून जाऊ नये. म्हणजे एका ठिकाणी भेग उघडायची आणि दुसऱ्या ठिकाणी ती बुजवायची. विसंगती वाटते, पण नाही. वाट चांगली की वाईट, हे ती कोठे जाते यावर ठरते. बार्नेटच्या अभियंत्यांना खालच्या चुनखडीच्या पाण्याने हेच शिकवले होते.

२०/२२
भेगेची भयंकर बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. कोलोरॅडोमध्ये डेन्व्हरजवळ लष्करी कारखान्याचे सांडपाणी मार्च १९६२ पासून खोल विहिरीत सोडले जाऊ लागले आणि महिन्याभरात भूकंप सुरू झाले. त्याच सुमारास कोयनेचा शिवसागर जलाशय भरू लागला आणि तेथेही धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेत ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली. दोन्हीकडे कारण एकाच जातीचे : आधीच ताणाखाली असलेल्या भेगांमधील पाण्याचा दाब वाढला की खडक घसरतो. डेन्व्हरचे सर्वांत मोठे धक्केही १९६७ चेच, सांडपाणी थांबवल्यानंतरचे. पुढे कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल संशोधन-विहीर घेण्यात आली. तीत १२४७ मीटर बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटी नाइस मिळाला.

२१/२२
कायद्यानेही या भेगांची दखल घेतली, जरी तेथे भेग हा शब्द आला नाही. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. कारण एकाच भेगेवर दोन बोअर बसले तर नंतरचा बोअर पहिल्याचे पाणी ओढू शकतो. २००९ च्या अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना लगाम घालण्याची तरतूद केली. कागदावर हे आहे. गावात मात्र शेजाऱ्याचा बोअर आटला की आपला आणखी खोल न्यायचा, हीच रीत दिसते. खोल गेल्यावर बहुधा भेगा विरळ होत जातात, हे त्या खर्चात कोणी धरत नाही.

२२/२२
शेलच्या कोठाराला पुन्हा भरायला कोट्यवधी वर्षे लागतात, म्हणून तेथे वाट रुंद करून माल काढणे आणि पुढच्या विहिरीकडे जाणे एवढाच मार्ग आहे. भंडाऱ्याचे कोठार दर पावसाळ्यात भरू शकते. अट एवढीच की पाळ शाबूत हवी आणि तळ गाळाने बुजलेला नको. जलभंजन उपयोगी आहे, पण वर मुरलेले पाणी नसेल तर ते मोकळ्या वाटेवर कोरडी हवा आणील. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या गावी गेलात तर दोन प्रश्न विचारा : तलाव कोणी बांधला, आणि पहिला बोअर कोणत्या साली, किती फुटांवर लागला? वयस्क माणसे अजून सांगू शकतात. ती उत्तरे खाली लिहा, म्हणजे गावोगावच्या पाण्याचा इतिहास एका जागी येईल. धागा संपला. 🙏